झाकणाचं भोक

चौसष्ट सालची गोष्ट. माझे सासरे धर्माजी यांच्या होडीला सरकारी योजनेतून मागे अडकवायची छोटी मोटार मिळाली, आणि अख्ख्या दातिवरे गावात तिचं माहितीपुस्तक वाचू शकणारा मी एकटाच निघालो. (पुस्तक इंग्रजी होतं. ती योजना चालवणाऱ्या पालघरच्या कचेरीत मी कारकून. 'विथ रेफरन्स टु युवर लेटर' एवढं इंग्रजी मला उत्तम यायचं.)

मोटारीची स्वतःची टाकी तांब्याएवढी. जरा पुढे गेलं की ओता पेट्रोल. होडीत मात्र जुन्या, काढून टाकलेल्या इंजिनाची मोठी टाकी मागच्या फळीखाली पक्की बसवलेली होती. म्हटलं, मोटार तिलाच जोडली तर? टाकी धुतली, तेल कालवलेलं पेट्रोल भरलं, रबरी नळी जोडली. झाकणावर एक बारीक भोक दिसलं. इतक्या चांगल्या टाकीला भोक! करणाऱ्याच्या हलगर्जीपणाची कीव करत मी त्यात ओला साबण ठासला.

"बेस झालं," सासरे म्हणाले. त्यांनी मला दिलेली ती पहिलीच शाबासकी. मला रात्रभर झोप आली नाही.

सकाळी मेव्हण्याचा, सुकाचा, साखरपुडा होता. मुलगी खाडीपलीकडे अर्नाळ्याची. होडीत सासरे, नवी टोपी घातलेला सुका, मांडीवर साखरेचं ताट धरलेल्या सासूबाई आणि माझी बायको लाडकी. सुका वल्ही आत ठेवायला लागला.

"मोटार असताना वल्ही?" मी हसलो. वल्ही वाळूतच राहिली.

काय ती दहा मिनिटं! मागे पांढरी रेघ, किनाऱ्यावर हात हलवणारं गाव, आणि मोटारीच्या दांड्यावर माझा हात. मग भर खाडीत मोटार दोनदा खोकली आणि बंद पडली.

"काय झालं?" सासरे म्हणाले.

"काही नाही. तापली असेल."

मी दोरी ओढली. पुन्हा ओढली. एकदा इतक्या जोरात ओढली की माझं कोपर सुकाच्या टोपीला लागलं आणि टोपी खाडीत गेली. ओहोटी लागली होती. टोपी समुद्राकडे निघाली आणि तिच्या मागोमाग आम्हीही.

"भावजी," सुका रडवेल्या आवाजात म्हणाला, "मुलगी त्या बाजूला हाय."

सासूबाईंनी डोळे मिटून देवीला नारळ कबूल केला. सासऱ्यांनी फक्त एकदा माझ्याकडे आणि एकदा दूर राहिलेल्या वाळूकडे पाहिलं. मी पुस्तक उघडलं. ते वाऱ्याने मिटलं. मला पोहता येत नाही, हे सासरी अजून कोणाला माहीत नव्हतं.

"ही नळी कुटं जाते?" लाडकीने विचारलं.

"टाकीत. तुला नाही कळायचं."

तिने फळी उचलली, झाकणावर बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. "ह्यो तर आंगाचा साबण हाय!"

मी पुस्तकात तोंड घातलं.

"आवो, तेलाच्या डब्याला दुसरं भोक पाडल्याबिगर तेल येतं का कदी? वारा आत गेला पायजे ना!" केसांतला आकडा काढून तिने साबण कोरला. टाकीने 'सूं' करून मोठा श्वास घेतला. थोड्या वेळाने दोरी ओढली तर मोटार पहिल्याच झटक्याला सुरू!

अर्नाळ्याला पोचलो तेव्हा सगळे वाट पाहत होते. मुलीच्या वडिलांनी बोडक्या सुकाला मिठी मारली, आणि माझे काळे हात बघून मला मोटारीवरचा गडी समजून खलाशांसोबत बाहेर चहा दिला. आता धर्माजी नाहीत, सासूबाई नाहीत. पण खाडीवर मोटारीचा आवाज आला की ती माणसं पुन्हा एका होडीत बसलेली दिसतात, आणि लाडकी आकडा पुसून केसांत खोचताना दिसते.

पुढे कचेरीने मोटारीबद्दल अहवाल मागवला. मी घडलं ते प्रामाणिकपणे (साबण वगळून) दोन पानं लिहिलं. साहेबांनी सुकाला बोलावून उरलेलं ऐकलं आणि समासात शेरा मारला : "सदर कारकुनाच्या पत्नीस मोटार दुरुस्तीच्या शिक्षणास पाठवावे. तोवर घरचा स्वयंपाक कारकुनाने पाहावा."

त्या आदेशाच्या तीन प्रती मलाच टाइप कराव्या लागल्या. पहिलीत 'स्वयंपाक' चुकला, म्हणून चौथी काढली.