इंगोलेभाऊंचा बाहुला

पुंडलिकराव इंगोले कॉम्प्युटरपुढे बसण्याआधी मागच्या मोरीत जाऊन यायचे, मग पिशवीतलं केळं सोलून खायचे, मग खुर्चीत मान टाकून एक डुलकी काढायचे. आणि त्यानंतर पडद्यावरच्या आपल्या बाहुल्यालाही याच क्रमानं हे सगळं करायला लावायचे. बाहुल्याची मोरी, बाहुल्याचं जेवण, बाहुल्याची झोप. यातली एकही गोष्ट राहिली असेल, तर त्याला पुस्तकाला हात लावू द्यायचे नाहीत.

"आधी मोरी, मंग पोट, मंग झोप, मंग शिक्षन," ते म्हणायचे. "तुंबलेला मानूस काई शिकत नाई, बाई."

हे मला फार नंतर कळलं. त्याआधी मी त्यांच्याबद्दल भलतंच समजत होते आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. संशय हा माझा स्वभाव आहे. अमरावतीत राजापेठेत माझी टायपिंग इन्स्टिट्यूट होती. परीक्षेत कोण चोरून खाली बोटांकडे बघतंय ते मी पाठमोरी उभी राहूनही ओळखत असे. पुढे टायपिंगला कोणी विचारेना. मी मशीनं भंगारात घातली आणि त्याच जागेत सायबर कॅफे टाकला. दारात फोनचा बूथ, आत कॅबिन, आणि कॅबिनला पडदे. पडदे असले की गिऱ्हाईक येतं, असं शेजारच्या दुकानदारानं सांगितलं. पडद्याआड काय चालतं ते त्यानं सांगितलं नाही. मला ते सांगायची गरजही नव्हती.

अशा ठिकाणी एक दिवस साठीचा माणूस येतो, धोतर-टोपीतला, खांद्यावर उपरणं, हातात कापडी पिशवी. इकडे-तिकडे बघतो आणि हळूच विचारतो, "कोपऱ्यातलं रिकामं हाये का?" आता तुम्हीच सांगा, कोणाला संशय येणार नाही?

दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. मी कॅबिनच्या बाजूला खुर्ची सरकवून हिशेबाचं निमित्त करून बसले. आतून आवाज आला, "आता आंग धू. हां. आता झोप." मी कानात प्राण आणले. थोड्या वेळानं, "ऊठ आता. ते पाह्य, ते आली. जाय. बोल तिच्याशी. अरे, घाबरून काऊन राह्यला, बोल ना!"

मी उठले आणि फर्रकन पडदा ओढला.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक घर होतं, वरून छप्पर काढून ठेवलेलं. आत बोटाएवढी माणसं फिरत होती. एक बाहुला आरशापुढे उभा राहून हातवारे करत भाषण ठोकत होता, आणि त्याच्या डोक्यावर एक निळा रकाना हळूहळू भरत होता. इंगोलेभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "पडदा लावा बाई. त्याचं ध्यान भंगते."

कॉम्प्युटर जोडून देणाऱ्यानं सोबत चार-दोन खेळ फुकट टाकून दिले होते, त्यातला हा एक. यात मारामारी नाही, गाड्या नाहीत. एक माणूस जगवायचा. त्याला स्वयंपाक शिकवायचा, दुरुस्ती शिकवायची, चारचौघांत बोलायला शिकवायचं. कला वाढली की नोकरीत बढती. भूक लागली, झोप आली की मन उतरतं, आणि मन उतरलं की तो पुस्तक फेकून देतो. इंगोलेभाऊंना इंग्रजी येत नव्हतं. ते नुसत्या रंगांवर चालायचे. हिरवं म्हणजे बरं, लाल म्हणजे धोका. तेवढ्यावर त्यांनी कमीत कमी वेळात माणूस हुशार करण्याचं एक शास्त्रच बनवलं होतं. पुस्तकांचं कपाट मोरीजवळ, कारण "येरझारा म्हन्जे नासाडी". खुर्ची मऊच हवी, "बूड दुखलं का अक्कल थांबते". टीव्ही घरात नाही. आणि सकाळी मन टवटवीत असताना अवघड कला, मन उतरणीला लागलं की सोपी.

मला हे ऐकून काही पटलं नाही. साठ वर्षांचा माणूस नुसता खेळायला येतो? याच्यामागे काहीतरी आहे, असं माझं मन सांगत होतं. आणि सांगून ठेवते, होतंच.

इंगोलेभाऊ कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. कापसाचा पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा, धागा किती लांब निघतो ते बघायचं, आणि गाडीतला माल कुठल्या प्रतीचा ते सांगायचं. पण त्या वर्षांत कापसाचंच काही खरं राहिलं नव्हतं. केंद्रं एकेक करून बंद पडली आणि भाऊंना वेळेआधी घरी बसवलं. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. कापूस गेला तरी बोटांची सवय गेली नाही. ते माणसांची प्रत काढायचे. शेजारचा दुकानदार "आखूड धाग्याचा". माझा नवरा "मध्यम, पन ओलसर". मी एकदा मुद्दाम विचारलं, तर क्षणभर माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी लांब धाग्याच्या आहा बाई. पन कचरा लय हाये."

तेव्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे वऱ्हाडचं नाव रोज पेपरात असायचं. दिल्ली-मुंबईचे पत्रकार गावोगाव फिरून यायचे आणि माझ्याकडे बसून बातम्या पाठवायचे. एकदा इंगोलेभाऊंच्या बाहुल्यानं न शिकता चूल पेटवली आणि सगळं स्वयंपाकघर जळालं. भाऊ बाहेर येऊन बाकावर डोकं धरून बसले. समोर एक पत्रकार होता. त्यानं ते बघितलं आणि अगदी हळुवार आवाजात विचारलं, "बाबा, बहुत नुकसान हुआ?"

"पूरा किचन जल गया."

"सरकार से कुछ मिला?"

"सरकार कायले देईन? गलती मेरी है. मैंने उसको सिखायाच नहीं."

पत्रकारानं मान हलवली आणि फोटो काढला. तो फोटो कुठे छापून आला का, देव जाणे. बाहेर खरोखर पोळलेली माणसं कमी नव्हती, म्हणून मी तेव्हा हसले नाही. पण त्या दिवसापासून पेपरातला उदास चेहरा दिसला की मी जरा निरखून बघते.

मग एके सकाळी भाऊ पडदा सारून तरातरा माझ्या टेबलाशी आले.

"बाई, चोरी झाली."

"काय गेलं?"

"दोस्ती."

त्यांच्या बाहुल्याची शेजाऱ्याशी त्यांनी काल भरभक्कम दोस्ती करून ठेवली होती. आज बघतात तर रकाना खाली. त्याआधीही असं झालं होतं, पण त्यांनी दुर्लक्ष केलं होतं. केंद्रावर ओला कापूस आणि गाठोड्यात दगड घालणारे लोक आयुष्यभर पाहिलेला माणूस. त्यांनी माझ्याकडे रोखून बघत विचारलं, "चाबी तुमच्यापाशीच असते ना?"

आयुष्यभर मी लोकांवर संशय घेत आले. माझ्यावर कोणी घेण्याची ही पहिलीच वेळ. अजिबात चांगलं वाटत नाही, सांगते. मी म्हटलं, "भाऊ, तुमच्या बाहुल्याची दोस्ती चोरून मी काय लोणचं घालू?" त्यांनी पिशवीतून कापसाचा एक तंतू काढला, की-बोर्डवर आडवा ठेवला, आणि मशीन कोणालाही देऊ नका असं बजावून गेले.

दुसऱ्या दिवशी तंतू जागच्या जागी होता. भाऊंनी खेळ उघडला. बाहुला उठला, न्हाला, जेवला. दोस्ती पुन्हा थोडी उतरली.

शेवटी मीच खेळातली इंग्रजी माहिती उघडून वाचली आणि त्यांना सांगितलं, "यात असंच असतं भाऊ. दोन माणसं एकमेकांशी बोलली नाहीत, तर दिवसागणिक नातं आपोआप उतरतं."

"कोनी भांडलं नाई तरी?"

"नाही भांडलं तरी."

"कोनी काईच नाई केलं तरी?"

"काहीच केलं नाही म्हणूनच."

इंगोलेभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी त्यांना पाणी आणून दिलं. मग त्यांनी आपण होऊन अकोल्याचं सांगितलं.

अकोल्याला त्यांचा धाकटा भाऊ, सुधाकर. दोघंच भाऊ, एकत्र वाढलेले. सुधाकरच्या मुलीच्या लग्नात घरातला वडीलधारा म्हणून पहिला फेटा इंगोलेभाऊंना बांधायचा, तो मुलाकडच्या कुठल्याशा काकाला बांधला गेला. भाऊ रुसले. आता आपल्याकडे लग्नात रुसण्याचीही एक रीत आहे. रुसणाऱ्यानं उठून मांडवाच्या कडेला जाऊन बसायचं. दोघांनी येऊन दंड धरायचे, 'तुमच्याशिवाय अक्षता पडायच्या नाहीत' म्हणायचं. त्यानं दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा उठायचं. सगळ्यांना हे ठाऊक असतं आणि जेवणं वेळेवर होतात. इंगोलेभाऊंची चूक एवढीच झाली, की ते मांडवाच्या कडेला थांबले नाहीत. राग मोठा आहे हे दिसावं म्हणून थेट अकोल्याच्या एसटी स्टँडवर जाऊन बसले.

"अमरावतीच्या गाड्या सुटून राहिल्या होत्या," ते म्हणाले. "मी येकीतबी चढलो नाई. म्हटलं, सुधा येईन."

सुधा आला नाही. त्या दिवसापासून अबोला. भाऊंची पक्की समजूत, की अबोला म्हणजे कुलूप. आतला माल जसाचा तसा राहतो, ज्या दिवशी उघडू त्या दिवशी तोच भाव. बाहुल्यानं त्यांना ते खोटं ठरवून दाखवलं.

"आता सुधा अकोल्याचं घर इकून पोरीकडे पुन्याले चाल्ला म्हन्ते. दिवाईच्या आत. येकदा पुन्याले गेला, का मंग कोठचा सुधा अन् कोठचा मी." त्यांनी डोळे मिटले. "मले बोलता येत नाई बाई. म्हनून तं याले शिकवून राह्यलो. हा आरशापुढे बोलते, तवा मीबी त्याच्यासंगं बोलतो."

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पडद्याआडची ती कुजबुज, ते "घाबरून काऊन राह्यला, बोल ना", सगळं. मला त्या माणसाची इतकी कीव आली, आणि इतका रागही आला! मी म्हटलं, "अहो, मग फोन करा की! दारातच बूथ आहे."

"याचा बोलन्याचा रकाना भरू द्या पुरा."

पुढचे दिवस बाहुल्याची काही धडगत नव्हती. नोकरी सोडवली, पुस्तकं बंद, नुसता आरसा. मोरी, पोट, झोप, आरसा. इकडे दिवाळी जवळ येत होती, तिकडे अकोल्याचं घर रिकामं होत होतं, आणि मी रोज विचारत होते, "भरला का?" शेवटी एका दुपारी भाऊंनी मला आत बोलावलं. रकाना काठोकाठ भरला होता. शेजारी एक इंग्रजी अक्षरांची नवी ओळ आली होती. "हे काय लिवलं?"

"माफी माग, असं लिहिलंय."

भाऊंनी ओळीवर बाण ठेवला, पण दाबला नाही. उठले, बूथमध्ये गेले आणि काचेचं दार लावून घेतलं. मी बाहेर उभी राहिले. हो, ऐकायलाच उभी राहिले.

"मी बोलून राह्यलो," भाऊ म्हणाले. मग नुसती फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिले. बाहुल्याचं ते सगळं भाषण कुठे गेलं कोण जाणे. मग एकदम, "रुसलो होतो मी... काय? तू बी? तुले कोनं सांगतलं रुसाले? ... मांडवाच्या दारापोत्तर आला होता? मंग पुढे काऊन नाई आला? ... अरे, पोरीचा बाप रुसते का कधी? रुसाचा मान माहा होता!"

आवाज चढत गेला. रस्त्यावरचे लोक थांबले. मी कपाळाला हात लावला. भाऊंनी फोन आदळला आणि घाम पुसत बाहेर आले.

"संपलं?" मी विचारलं.

"येऊन राह्यला. उद्या दुपारच्या गाडीनं."

"कशाला?"

"भांडाले. फोनवर पुरत नाई म्हने." मग ते बाकावर बसले आणि अगदी लहान आवाजात म्हणाले, "बाई, माह्या घरी लय दिवसात कोनी आलं नाई. पाव्हना आला का पह्यले काय म्हनतात?"

मी त्यांना सांगितलं. या, बसा, वाटेत त्रास नाही ना झाला. त्यांनी ते माझ्यासमोर पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं.

दुसऱ्या दिवशी कॅफे नवऱ्यावर टाकून मीही स्टँडवर गेले. दोन म्हातारे हातघाईवर आले तर सोडवायला कोणीतरी हवं, आणि सुधाकर खरंच येईल याची मला खात्री नव्हती. अकोल्याची गाडी लागली. सगळे उतरले आणि अगदी शेवटी एक वाळका माणूस उतरला. नाक अगदी इंगोलेभाऊंचं. हातात रेक्झिनची भली मोठी बॅग.

दोघं समोरासमोर उभे राहिले. या नाही, बसा नाही, काही नाही. इंगोलेभाऊंनी हात पुढे करून बॅगेचा एक बंद धरला.

"सोड," ते म्हणाले.

"नाई सोडत."

"मोठा मी आहो."

"हां, तं मोठ्यानं ओझं उचलू नाई."

भाऊंनी बॅगेकडे बघितलं. "भांडाले आला ना? मंग येवढी बॅग कायले?"

"तं भांडन काय येका दिवसाचं हाये?" सुधाकर म्हणाला.

 इंगोलेभाऊंनी तोंड फिरवलं आणि उपरण्यानं डोळे पुसले, पण बॅगेचा बंद काही सोडला नाही. मी तिथे त्या गर्दीत, पदर तोंडाला लावून, चक्क रडले. ते दोघं मात्र बॅग मधे धरून, एकमेकांकडे न बघता, रिक्षाच्या रांगेकडे चालू लागले होते.