माने सरांची पाऊण तासाची बेरीज

बरोबर उत्तरानं समाधान न होणारा एकच शिक्षक मी पाहिला, आणि नेमका तो माझ्याच शाळेत निघाला. कुंडलजवळच्या आमच्या लहानशा शाळेत माने सर तिसरीला शिकवतात, मी शेजारच्या खोलीत चौथीला. पोरानं खणखणीत उत्तर दिलं की बाकीचे मास्तर शाबासकी देतात. माने सर म्हणतात, "बरं. कसं केलंस?"

वही-पेन्सिल बंद. फळ्यावर एकच बेरीज. ती डोक्यातल्या डोक्यात करायची आणि झाली की हात वर न करता अंगठा छातीशी धरायचा, म्हणजे सावकाश करणाऱ्याला धसका बसत नाही. मग येतील ती सगळी उत्तरं सर फळ्यावर लिहितात, चुकलेलीसुद्धा, आणि पोरं त्यावर चर्चा करतात. एका बेरजेला पाऊण तास! तेवढ्यात मी अख्खा धडा उरकतो. पोरांना त्यातलं काय कळलं, हे मी विचारत नाही. स्वतःच्या जिवाला घोर कशाला लावून घ्या?

एका आजोबांनी तर शाळेत येऊन हात जोडले. "आवं सर, आमची जिंदगी अंगठा लावन्यात गेली. नातवाला तरी पेन धरू द्या की!"

सर मूळचे पाटणचे, इथं खोली घेऊन एकटेच राहतात. वर्गात भागलं नाही की गावात सुरू होतात. एका लग्नात आचाऱ्यानं दोनशे पानांच्या तांदळाचा अंदाज सांगितला. सरांनी कसं केलंस म्हणून विचारताच त्यानं झारा त्यांच्या हातात दिला. "तुमीच करा आता."

परवा तपासणीला साहेब आले. त्याच सकाळी सरांच्या वर्गातल्या तनुजाचा अंगठा पहिल्यांदा छातीशी आला होता. ही मुलगी जूनपासून एक शब्द बोलली नव्हती, हजेरीलाही नुसती मान हलवायची. तिनं सरांच्या कानात उत्तर सांगितलं आणि सरांनी ते इतरांच्या उत्तरांखाली लिहिलं. साहेबांच्या पुढं धावत मी दारातून कुजबुजलो, "सर, फळा पुसा!" सर हलले नाहीत.

साहेबांनी फळा वाचला. अडतीस अधिक सत्तावीस. पासष्ट, पंचावन्न, पाचशे पंधरा.

"हे पाचशे पंधरा कुणाचं?"

तनुजानं मान खाली घातली.

"माझं, साहेब," माने सर म्हणाले.

साहेबांनी शेरा लिहायला पेन काढलं. मला सरांचा संताप आला. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस, आणि बेरीज येत नाही असा शेरा हौसेनं ओढवून घेतोय!

"न्हाई," मागून बारीक आवाज आला. "सरांचं न्हाई. ते माजं हाय." तनुजा उभी राहिली होती. "आठ न सात पंधरा. मंग तीन न दोन पाच. पर ते पाच न्हवं, पन्नास हायती." ती थांबली, मनाशी काही पुटपुटली. "मंग पासष्टच हुतंय."

साहेबांनी शेरा लिहिला की नाही, मी पाहिलंच नाही. माने सर भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

मधल्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला आणि अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवली. मग म्हणाले, "चौथीत माजं असंच चुकलं व्हतं. मास्तरांसकट सगळा वर्ग हसला. धाव्वीपतूर मी वर्गात तोंड उघडलं न्हाई, गड्या."

माझ्या चौथीत कोण कोण गप्प बसतं, ते मी आठवून पाहिलं. मला एकाचंही नाव सांगता येईना.