मागच्या दाराची चौकशी

चौकशीवाचून समाज टिकत नाही, आणि गोव्याच्या डिचोली तालुक्यातला समाज आजवर टिकला तो साखळीच्या जयरामांमुळे, याबद्दल खुद्द जयरामांच्या मनात तरी शंका नव्हती. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी लोकांच्या सोयरिकींची चौकशी अंगावर घेतली. तपासलेली स्थळं एकशे सात, नापास एकशे एक. (उरलेल्या सहांपैकी चार जोडपी सुखी आहेत, दोन मुंबईला असल्यामुळे कळायला मार्ग नाही.)

त्यांची पद्धत शास्त्रशुद्ध होती. स्थळाच्या गावात उतरल्यावर आधी पोदेराला गाठायचं. सायकलवरून घरोघर पाव घालणाऱ्या या माणसाला, कुठल्या घरात तोंडं किती, पाहुणे किती आणि रुसून उपाशी कोण, हे पावांच्या संख्येवरून ठाऊक असतं. मग मासळीवाली. मग शेजारी, पण भांडणातला (खरं बोलतो). शेवटी घर, तेही मागच्या दाराने, कारण पुढचं दार पाहुण्यांसाठी सजवलेलं असतं. आणि मुलीच्या आधी मुलीची आई. आईचे हात कसे आहेत, आई हसण्याआधी नवऱ्याकडे बघते का, हे पाहून जयराम निकाल देत. 'खाण तशी माती' असं ते सुर्ल्याच्या खाणी चालू होत्या तेव्हाही म्हणत, आणि बंद पडल्यावरही.

खाणी बंद पडल्याच्या तिसऱ्या वर्षी आळीत विलायती कुत्र्यांची साथ आली. ट्रक विकलेल्या शेजाऱ्याने जर्मन कुत्रा आणला. पलीकडच्या मास्तरांनी चपट्या नाकाचा आणला (तो नुसता श्वास घेतो तेव्हा आळीला वाटतं मास्तर घोरताहेत). जयरामांकडे फक्त एक मांजर होती, आणि तीही प्रतिनियुक्तीवर. प्रतिष्ठेचा प्रश्न उभा राहिला.

"अवो, मासळीबाजारातल्या काळीक चार पिल्लां झाल्यात," त्यांच्या पत्नी सुमंगलाबाई म्हणाल्या. "त्यातला एक घरा हाडूया की."

"बापाचा पत्ता नाही," जयराम म्हणाले, आणि अर्ज निकालात निघाला. काळी रोज भर बाजारात पिल्लांना पाजत पडलेली असे, म्हणजे आई पाहायला मागच्या दाराचीही गरज नव्हती. पण जी गोष्ट सगळ्यांना दिसते तिची चौकशी करण्यात काय अर्थ?

मग कुणा विकणाऱ्याकडून फोनवर पिल्लाचा फोटो आला. बर्फात गाड्या ओढणारी जात, निळे डोळे. सोबत वंशावळीचं प्रमाणपत्र. पणजोबापर्यंत सगळे पदकविजेते, आणि खाली गोल शिक्का. छत्तीस वर्षं गोल शिक्क्याखाली नोकरी केलेल्या माणसासमोर गोल शिक्का आला की त्याची अक्कल आपोआप उठून उभी राहते आणि खुर्ची रिकामी करून देते. "डोळे निळेच ना?" एवढा एकच प्रश्न जयरामांनी लिहून पाठवला. उत्तर आलं, "हो." मे महिन्यातल्या एका सकाळी बसस्टँडवर कुणा माणसाने मानकुराद आंब्यांच्या खोक्यातून पिल्लू काढून त्यांच्या हातात ठेवलं. एकूण वेळ आठ मिनिटं. (त्याच सकाळी डझनभर मानकुराद घेताना त्यांनी प्रत्येक आंब्याचा देठ हुंगला. वेळ पाऊण तास.)

पिल्लाचं कागदावरचं नाव नऊ शब्दांचं होतं. सुमंगलाबाईंनी त्याचं बाबलो केलं. कुणी फ्रीज उघडला की बाबलो धावत जाऊन आत बसे, माहेरी आल्यासारखा. तिसऱ्या दिवशी तो उठेना. रक्ताचे जुलाब सुरू झाले. गुरांच्या डॉक्टरांनी त्याला सलाईन लावलं आणि चष्म्यावरून जयरामांकडे बघितलं.

"हे सहा आठवड्यांचंसुद्धा नाही. दोन महिने तरी आईजवळ ठेवायचं असतं. लस नाही. याची आई बघितली होती का?"

हा प्रश्न जयरामांचा होता. एकशे सात घरांत त्यांनी तो विचारला होता. आज तो उलटून आला, आणि त्यांना भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्रावरचा बिननावाचा पत्ता शोधत ते पेडण्याच्या बाजूच्या एका गावात उतरले. आधी पोदेर. "त्या घरात माणसां दोनच," तो म्हणाला. "पूण शिळे पाव रोज पोतोभर न्हेतत."

जयराम मागच्या दाराने गेले. जिथे पूर्वी खनिजाचा ट्रक उभा असे त्या पत्र्याच्या शेडीत आता सात पिंजरे होते, सातांत सात कुत्र्या. निळ्या डोळ्यांची शेवटच्या पिंजऱ्यात होती. पिंजरा तिच्या लांबीचा, अधिक चार बोटं. तळवे जाळीने कापलेले, एक डोळा पांढरा पडलेला, सहावं बाळंतपण. जयराम वाकले तशी तिने शेपटी हलवली. पण हलवण्याआधी तिने मालकाकडे बघितलं.

मालक दारात उभा होता. कृष्णनाथ. जयरामांच्या भाचीचा, पदूचा नवरा, लग्नानंतर या गावात राहायला आलेला. पास केलेल्या सहांपैकी एक. शेरा जयरामांच्याच अक्षरातला: 'मुक्या जनावरांची आवड.'

"मामानु, पदूच्या वेळार तुमी माझ्या आज्याचो दमोसुद्दां शोधून काडलास," कृष्णनाथ म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "फोनार तुमचा नाव वाचून माका घाम फुटलो. शेड धुवन घेतलंय, दोन दीस वाट बघलंय. तुमी फकत डोळे इचारलास."

"हिला मी नेतो."

"न्हेवा. तिचो आता उपेग नाय."

ती साखळीपर्यंत टॅक्सीत पुढच्या सीटवर बसून आली. उरलेल्या सहा कुत्र्यांसाठी जयरामांनी अकरा सहपत्रांसह तक्रार केली. शेडीची रीतसर पाहणी झाली (पुढच्या दाराने). मग त्यांनी पिल्लू घेणाऱ्यांसाठी एक छापील अर्ज तयार केला: आई बघितली का, तिचं कितवं बाळंतपण, शेड मागून बघितली का. अर्ज नेले त्रेचाळीस जणांनी. बेचाळीस जणांनी तो परत आणताना त्याच्या मागे कृष्णनाथचा नंबर लिहून मागितला. त्रेचाळिसाव्याने काळीचं पिल्लू नेलं.

जयरामांची हकिगत ऐकायला अजून लोक येतात. खुर्चीत बसतात, हळहळतात आणि विचारतात, "मग, पिल्लू वाचलं?" वाचलं, असं कळलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो आणि ते चहा घेऊन जातात. पिल्लाची आई त्याच खुर्चीखाली झोपलेली असते.

जयरामांनी याची एक वही ठेवली आहे. पहिला रकाना, 'पिल्लाचं विचारणारे', भरून पुरवणी जोडावी लागली. दुसरा रकाना, 'आईचं नाव विचारणारे', कोरा आहे. त्याच्यापाशी पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवली आहे. तुमची नोंद पहिल्या रकान्यात कधीच झाली, ती शेडीतून बाहेर पडली आणि तुम्ही बाबलोची काळजी करू लागलात तेव्हाच.