दामूनानांची निवडणी

कॉफीत साखर मागणाऱ्याला आमचे दामूनाना चहा देतात. शिक्षा म्हणून.

वणीकडच्या उतारावर, आंब्यांच्या सावलीत, त्यांची अर्धा एकर कॉफी आहे. आमच्या गावात द्राक्षं सोडून भलतं काही लावणारा माणूस वेडा ठरतो, आणि नानांना ते मान्यच आहे. त्यांच्या घरी गेलात तर सुटका नाही. स्वतः भाजणार, स्वतः दळणार आणि तुम्ही घोट घेताना तोंडाकडे टक लावून बसणार. "कडू लागते," म्हणालात की संपलं. "जीभ हाय का चपलेचा तळ?"

हेच नाना पहिल्या वर्षी काय करून बसले होते? जन्म द्राक्षात गेलेला. कॉफीची लाल फळं त्यांनी बेदाण्यासारखी द्रावणात बुचकळली, जाळीवर वाळवली, बिया, म्हणजे खरी कॉफीच, काढून कोंबड्यांपुढे टाकल्या आणि साली डब्यात भरल्या! "कोंबड्या रातभर गप्पा मारत होत्या," असं ते अजून छातीठोक सांगतात.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. शहरात हीच कॉफी चढ्या भावाने विकतात. पाकिटावर डोंगराचं चित्र, दुकानाचं नाव, आणि पिकवणाऱ्याचा पत्ता नाही. हा अन्याय आहे. नाशिकच्या एका कॉफीवाल्याशी मी यावरून कडाकडा भांडले. शेवटी तो कबूल झाला: पाकिटावर दामूनानांचं नाव, गावाचं नाव. मात्र सोमवारी माल निवडून तयार हवा, नाहीतर तो दुसऱ्याचा घेणार.

निवडायला गल्लीतल्या बाया दुपारी नानांच्या ओट्यावर येत. खाली सतरंजी, पुढ्यात ताटं. फुटका, किडका, काळा दाणा बाजूला. सखूमावशीची बोटं आणि तोंड सारख्याच वेगाने चालायचं. नाना मध्येच कॉफी पाजत. बाया पदराखाली साखर लपवून आणत.

पण पोतं काही संपेना. शनिवारी सकाळी मी बघायला गेले, तर नाना आदल्या दिवशी बाजूला काढलेले फुटके दाणे ओंजळीने परत पोत्यात टाकत होते.

"नाना! अहो, पाकिटावरचं नाव जाईल!"

"जाऊ दे." ते माझ्याकडे बघेनात. "काकू तुझी तिकडं पुण्याला, नातवापाशी. माल गेल्यावर ह्या बाया कशाला येतील गं इथं?"



मी तडक सखूमावशीकडे गेले. ती हसली. "आम्हाला काय कळत नाय? तोच तुटका दाणा रोज भेटतो मला. आता ओळख झालीय आमची."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय करायचं? म्हातारं खुशीत असतं."

त्या दुपारपासून बाया वाईट दाणा पदरात बांधून घरी न्यायला लागल्या. सोमवारी पोतं गेलं. नाव छापणार असल्याचा कॉफीवाल्याचा फोनही आला. नाना नुसतं "बरं" म्हणाले.

मंगळवारी दुपारी मी मुद्दाम त्यांच्या घरावरून गेले. निवडायला काही नव्हतं, तरी नानांनी सतरंजी अंथरली होती आणि स्वतः रस्त्याकडे पाठ करून बसले होते.

तेवढ्यात सखूमावशी आली. डोक्यावर भुईमुगाच्या शेंगांची पाटी, मागे बाकीच्या बाया.

"सरका की नाना. घरी एकटीनं शेंगा फोडायच्या म्हणजे लय कंटाळा येतो."

नाना सरकले. मग त्यांनी पाटीतली एक शेंग उचलली, कानाशी धरून हलवली आणि म्हणाले, "ही पोचट हाय. बाजूला ठेवा."