हशाचे सेकंद

"दरोडा! भर हॉलमध्ये दरोडा घातला माझ्यावर!"

दारातून आत पाऊल टाकायच्या आधीच नवऱ्याने आरोळी ठोकली आणि पाऊण तास थोपटून झोपवलेलं बाळ टक्क जागं झालं. तिने दात-ओठ खात ते उचललं.

नवरा दिवसा शिकवण्या घ्यायचा आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये उभं राहून लोकांना हसवायचा. तिथे त्याला 'मास्तर' म्हणत. तीन वर्षं पाच-पाच मिनिटांवर काढल्यावर येत्या शनिवारी त्याला पहिल्यांदाच सलग वीस मिनिटं मिळाली होती. आणि आज त्याच्या आधी 'गॉगल' उभा राहिला होता. हा दुसरा विनोदवीर, अंधाऱ्या हॉलमध्येही काळा चष्मा न काढणारा. तो मास्तरचाच विनोद मारून, टाळ्या घेऊन खाली उतरला होता.

"कुठला विनोद?"

"झोपेचा गं! बाळ झाल्यावर लोक बापाला विचारतात, झोप झाली का? आजीला विचारतात, वॉचमनला विचारतात..."

"आणि वॉचमन म्हणतो, कसली झोप, रात्रभर ती बाई येरझाऱ्या घालते."

"बघ! तुला पण पाठ आहे!"

पाठ असणारच. लिहिला तिने होता.

बाळ जन्मलं तेव्हा वजन कमी होतं, म्हणून डॉक्टरांनी तिला वही ठेवायला सांगितली होती. दूध किती वाजता, कुठल्या बाजूला किती मिनिटं, शी कशी. 'लंगोट कोणी बदलला' हा रकाना तिने स्वतः रागाने आखला होता. त्यात वरपासून खालपर्यंत आई, आई, आजी, आई, आई असंच होतं. शेवटचा रकाना शेऱ्याचा. बाळ मांडीवर असताना डोळा लागू नये म्हणून त्यात ती मनात येईल ते लिहायची. नवरा रोज येऊन वही वाचायचा. तिला वाटायचं, बापाला वजनाची काळजी. मग एकदा तिसऱ्या रांगेत बसून तिने आपलेच शेरे त्याच्या तोंडून ऐकले. घरी येऊन विचारलं तर म्हणाला, "अगं, तुझं-माझं काय वेगळं आहे का?"

"गॉगलला तो कसा कळला ते मला माहितीये," ती म्हणाली. "लसीच्या रांगेत मी शेजारच्या बाईला सांगितला होता. इतकी हसली की दोन बाळं उठली. ती गॉगलची बायको निघाली."

"हे आधी नाही का सांगायचं?" नवरा फोनकडे बघत पुटपुटला. विनोदवीरांच्या ग्रुपवर त्याने लिहून टाकलं होतं: 'गॉगलने माझ्या घरातला विनोद चोरला.'

'घरातला' हा शब्द लोकांनी बरोबर उचलला. घरातला विनोद बाहेर गेला कसा? घरात कोण येतं-जातं? सकाळपर्यंत गॉगल दुपारी मास्तरच्या घरी जातो असं ठरलं. मास्तर शिकवणीला गेल्यावर. जेवायच्या वेळेपर्यंत दोघा-तिघांनी त्याला जिन्यात पाहिलंही होतं. चार वाजता हॉलच्या मॅनेजरचा फोन आला. चौकशी होईपर्यंत दोघेही बंद. विनोद कुणाचा ते शुक्रवारी पुराव्यासकट दाखवा, नाहीतर शनिवार विसरा.

"ग्रुपवर आत्ताच्या आत्ता लिही," ती म्हणाली, "की हे सगळं खोटं आहे."

"लिहितो गं. आधी विनोद माझा आहे हे सिद्ध होऊ दे. मग बाकीचं आपोआप मिटेल."

"बाकीचं? मी बाकीची का? चारचौघं माझ्या अब्रूवर बोलतायत आणि तू विनोदाचं घेऊन बसलायस?"

"अगं, वीस मिनिटं हातची जातील!"

लिफ्टमध्ये तीच बातमी ऐकून आलेल्या सासूबाई तर लालबुंद झाल्या होत्या. "मी दिवसभर दारासमोर खुर्ची टाकून बसते. तो मेला आला असेल तर काय माझ्या डोक्यावरून उडत गेला? लोकांनी मला समजलंय काय?"

शुक्रवारी साडेतीनला बाळाचं दूध झालं आणि तिने लिहायला हात लांबवला, तर वही जागेवर नाही. नवराही नाही. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वहीत तारखा होत्या! तिने बाळ खांद्यावर टाकलं आणि चप्पल घातली. "थांब, मी पण येते," सासूबाई म्हणाल्या.

हॉलमध्ये मॅनेजर वही चाळत होता. एका खुर्चीत नवरा, दुसऱ्या खुर्चीत काळ्या चष्म्यासकट गॉगल. तिघांचीही दाराकडे पाठ होती.

"तारखा आहेत खऱ्या," मॅनेजर म्हणाला. "पण मास्तर, प्रत्येक विनोदापुढे हे आकडे कसले? बारा, आठ?"

नवरा क्षणभरच अडखळला. "हशाचे, साहेब. कुठे किती सेकंद हसतील, त्याचा अंदाज."

"आणि हे? पिवळी, पातळ?"

"तो... प्रेक्षकांचा दर्जा."

"ती शी आहे!" दारातून ती कडाडली. "आणि आकडे दुधाचे आहेत. एका बाजूला बारा मिनिटं, दुसऱ्या बाजूला आठ. सेकंद म्हणे! बारा सेकंदांत पोट भरतं का रे पोराचं?"

नवऱ्याने मान खाली घातली. गॉगल खदाखदा हसला.

"तुम्ही हसू नका," ती त्याच्याकडे वळली. "बायकोने जेवताना सांगितलेलं उचललंत आणि वर लोकांनी तुम्हाला माझ्या जिन्यात चढवलं, तेही चालवून घेतलंत. नुसतं एक वाक्य टाकायचं होतं ग्रुपवर, बायकोकडून ऐकलं म्हणून. जीभ का नाही रेटली? चोरी कबूल करण्यापेक्षा बाईची बदनामी स्वस्त पडली ना?"

गॉगलने चष्मा काढला. त्याचे डोळे कुणी पहिल्यांदाच पाहिले. अगदी साधे होते.

"वहिनी, अक्षर तुमचंच कशावरून?" मॅनेजरने चाचरत विचारलं.

"पान उलटा," सासूबाई पुढे झाल्या. "दुपारच्या नोंदी मी करते."

मॅनेजरने मोठ्याने वाचलं. "शेरा: सासूबाईंनी आज सात वेळा विचारलं, बाळ रडतंय का. बाळ त्यांच्याच मांडीवर होतं." त्याखाली वेगळ्या, गिरवलेल्या अक्षरात होतं: "खोटं. चार वेळा."

मॅनेजर हसायला लागला. टेबलावर डोकं टेकवून हसला, चष्मा पुसून परत वाचलं आणि परत हसला. मग वही तिच्या हातात देत म्हणाला, "ग्रुपवर मी आत्ता लिहितो. या दोघांचा शनिवार गेला. वीस मिनिटं तुमची."

शनिवारी सहा वाजता ती वही घेऊन उभी राहिली. राग पुरेसा होता. तिने वहीतलं नुसतं वाचून दाखवलं, आकड्यांसकट. नवरा मागच्या रांगेत बाळ घेऊन बसला होता. 'कोणी बदलला' हा रकाना वाचताना हॉल असा उसळला की खालच्या फर्निचरवाल्याने माणूस पाठवून विचारलं, काय पडलं.

कार्यक्रम संपल्यावर ती मंचावरून खाली उतरली तेव्हा पाच-सहा जण घोळका करून उभे होते. नवऱ्याभोवती.

"मानलं मास्तर! काय लिहून दिलंयस वहिनींना!"

"बाईच्या तोंडी टाकलंस, ही खरी कमाल!"

नवरा बाळाला झुलवत लाजला. "नाही हो," तो म्हणाला. "आपलं घरचंच आहे."

ती घोळक्यात शिरली. बाळाच्या लंगोटातून ओघळ निघून नवऱ्याच्या शर्टाच्या बाहीपर्यंत पोचला होता. ती बाळ घेईल म्हणून नवऱ्याने हात पुढे केले. तिने त्या हातांवर कोरडा लंगोट ठेवला.

"हे पण आपलं घरचंच," ती म्हणाली. "बदल."

तिथेच, दोन खुर्च्या जोडून, नवऱ्याने जन्मात पहिल्यांदा लंगोट बदलला. दोनदा उलटा, तिसऱ्यांदा बरा. मग तिने वही उघडली, रकान्यावर बोट ठेवलं आणि पेन त्याच्या हातात दिलं.

"आता इथे लिही. स्वतःच्या अक्षरात."