त्रिशलाक्काच्या अकरा बोटी

आमच्या गल्लीत सकाळी साडेसहाला एक दूधवाला भर रस्त्यात स्वतःभोवती दोन गिरक्या घेतो. हातात कॅन, डोक्याला मफलर, तोंडानं कानडीत काहीतरी पुटपुटणं चालू. नव्या माणसाला वाटतं ह्याच्या अंगात आलंय, नाहीतर ह्यानं सकाळी सकाळी घेतलीय. तसं काही नाही. तो दंड भरतोय. दुधाला पाच मिनिटं उशीर झाला, की त्रिशलाक्का गॅलरीतनं लाल रुमाल फडकवते आणि चौकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडते, "प्रोटेस्ट!" मग दूधवाल्यानं दोन गिरक्या घेतल्या की प्रकरण मिटलं. नाही घेतल्या तर लेखी तक्रार, सुनावणी, साक्षीदार. दूधवाला शहाणा आहे. गिरक्या घेतो, "आयतु आक्का, मुगीतु," म्हणजे झालं, संपलं, असं म्हणतो आणि माप ओततो.

हे कायदे आक्काच्या मनचे नाहीत बरं का. समुद्रातल्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीचे आहेत. तिथं ज्या बोटीचं चुकलं तिनं दोन गिरक्या घ्यायच्या, असा नियमच आहे. आता निपाणीत समुद्र कुठला? चार तास गाडी हाणली तर दिसतो. आक्कानं तो जन्मात एकदा पाहिलाय, लग्नानंतर गोव्याला गेल्यावर, आणि तेव्हाही फोटोसाठी त्याच्याकडं पाठ करून उभी होती.

मी सुनील. आक्काच्या इमारतीत तळाला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. आक्का माझ्या आईच्या माहेरची, त्यामुळं तिला अगं-तूगं करायची मला मुभा. पण भाडेकरू तो भाडेकरूच. आक्कानं नवा नियम काढला की त्याचा पहिला प्रयोग माझ्यावर. दोनदा मीही गिरक्या घेतल्यात, गिऱ्हाइकांसमोर. एकानं विचारलं, "मालक, चक्कर आली काय?" काय सांगणार, कपाळ!

जेवणाचं तर विचारूच नका. जैनांचं घर, संध्याकाळचं जेवण, म्हणजे अंथऊ, सूर्य बुडायच्या आत उरकायचं हे पिढ्यांपासूनचं. पण आक्कानं त्याला शर्यतीची सुरुवात लावली. पाच मिनिटं आधी गॅलरीच्या दोरीवर पिवळा फडका चढतो आणि ताटावर पळीचा ठोका पडतो. चार मिनिटं उरली की निळा फडका. एक मिनिट उरलं की निळा खाली. पिवळा उतरला की घासाला हात लावायचा. आक्काचे यजमान भूपालअण्णा, तंबाखूच्या वखारीचे मालक, दिवसाला मोजून दहा शब्द बोलणारा माणूस. त्यांनी एकदा भुकेच्या तडाख्यात पिवळा उतरायच्या आत भाकरी मोडली.

"अवो, लवकर सुटलासा! माघारी जावा!"

अण्णा गप उठले, मोरीपर्यंत गेले, हात धुतले, परत येऊन पाटावर बसले. "आमटी गार झाली," एवढंच म्हणाले.

"मग नुकसानभरपाईचा अर्ज करा. खाली सुनीलकडं मिळतोय."

खरंच मिळतो. पन्नास प्रती तिनंच काढून ठेवल्यात.

बाजारातही तेच. समोरनं एखादी बाई भरल्या पिशव्या घेऊन आली, की आक्का थांबते आणि पदर कुठल्या अंगाला उडतोय ते बघते. "वारा माझ्या उजव्या अंगाला लागतोय, तुमच्या डाव्या. वाट तुमी सोडायची." ती बाई बिचारी गोंधळून गटारीच्या कडेला सरकते. आक्का ऐटीत पुढं जाते. आणि वारा उलटा असला तर स्वतः सरकते हं, अगदी चिखलात. नियम म्हणजे नियम.

आता हे खूळ आलं कुठनं, ते सांगतो. आक्काला एकुलती एक मुलगी, श्रुती. बेळगावात इंजिनियर झाली, पुण्यात नोकरीला लागली. तिथनं सुट्टीला गोव्याला जाऊन शिडाच्या बोटी हाकायला शिकली. आणि आठ महिन्यांपूर्वी घरी येऊन म्हणाली, मी नोकरी सोडली, सांगलीचं स्थळ नको म्हणून कळवा, मी शर्यतीच्या बोटीवर जाणार आहे. गोव्याहून निघायचं, लक्षद्वीपला वळसा घालून परत यायचं, आठवडाभर नुसतं पाणी. आक्का आधीच तापट, त्यात सांगलीकरांना शब्द दिलेला. म्हणाली, "जा तुझ्या पाण्यात. पर मग मला तोंड दाखवू नको."

आणि श्रुती पडली आक्काचीच मुलगी. खाण तशी माती. तिनं तोंड दाखवलं नाही. वखारीत बापाला फोन करायची, पण आईचं नाव काढायची नाही.

एक दिवस अण्णा दुकानात आले आणि मोबाईल पुढं केला. "शर्यतीचे नियम. प्रत काढ. आक्काला मराठीत सांग." अण्णांचा त्या दिवसाचा कोटा तिथंच संपला. चौतीस पानं निघाली. मागनं आक्का आली, चहाची किटली घेऊन, आणि माझ्या स्टुलावर ठाण मांडून बसली.

"सुनील, ह्यात एक तरी कलम असं असणार की जे पोरीला अडवंल. हुडीक."

पंधरा दिवस आम्ही हुडकत होतो. अठराच्या आतल्यांना आईबापाची संमती लागते, असं एक सापडलं. आक्काचा चेहरा उजळला. पण श्रुती सत्तावीसची. पोहता आलंच पाहिजे, असं दुसरं सापडलं. "तिला येतंय," आक्का चिडून म्हणाली, "मीच शिकविली की विहिरीत. माझीच अक्कल!" मग माणशी किती पिण्याचं पाणी हवं, अंगात फुगणारं जाकीट, बुडायला लागलंच तर उतरायला तराफा, दिवसातनं दोनदा रेडिओवरनं शर्यतीच्या कचेरीला हजेरी द्यायची, आणि शेवटची बोट परत येईपर्यंत कचेरीनं उठायचं नाही. आक्का ऐकत गेली. अडवणारं कलम राहिलं बाजूला, तिला नियमच आवडायला लागले.

"लई इचार केलाय रं ह्या लोकांनी," ती म्हणाली. "आमच्याकडं लग्नात पन्नास माणसं असत्यात, पर कोण कुठं हाय ते एकालाबी ठावं नसतंय."

त्यानंतरच गल्लीत रुमाल आणि फडके सुरू झाले.

त्यातलं एक कलम मात्र तिनं अगदी उराशी धरलं. शर्यतीतल्या बोटीला बाहेरच्या कुणाची मदत घेता येत नाही. कुणी विचारलं, "काय त्रिशलाक्का, श्रुतीचा फोनबिन?" की तिचं उत्तर ठरलेलं. "फोन कसा करायचा? बाहेरची मदत धरत्यात. पोरगी बाद हुईल." चिकोडीच्या मावशीनं श्रुतीला नुसत्या शुभेच्छा पाठवल्या, तर आक्कानं तिला अर्धा तास झाडलं. मलाही तंबी होती. गल्लीला वाटायचं, काय ही आई! नियमासाठी मन मारून बसलीय.

मीही तेच समजत होतो. आणि मला अक्कल पाजळायची भारी हौस. एकदा कलम पुन्हा वाचताना म्हणालो, "आक्का, हे शर्यत चालू असतानाच लागू हाय. शर्यतीला अजून दीड महिना हाय. आज फोन केलास तरी चालतंय की!"

आक्कानं त्या कागदाची दुमडलेली कड बोटानं सरळ केली. मग हळूच म्हणाली, "आनि तिनं उचलला न्हाय तर?"

मी उगाच मशीनचा ट्रे बाहेर ओढून परत आत ढकलला. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं वाटलं मला.

शर्यत सुरू झाली. अकरा बोटी, माझ्या कॉम्प्युटरवरच्या नकाशात अकरा ठिपके, श्रुतीच्या बोटीचा नंबर सात. आक्कानं सकाळी दुकान उघडताना यायचं आणि अंथऊची वेळ झाली की उठायचं. जातीच्या दाखल्याला आलेल्या माणसाला तिच्या स्टुलाला वळसा घालून यावं लागे. एका शेतकऱ्यानं विचारलं, "पावसाचं दावायलेत काय?" आक्का म्हणाली, "गप बसा. सात नंबर माझी पोरगी हाय."

तिसऱ्या दिवशी सात नंबर हलेना. बाकीचे ठिपके पुढं सरकले, हा जागच्या जागी. मी म्हणालो, वारा पडला असेल. आक्का उठली आणि माझा टेबलफॅन उचलून कॉम्प्युटरकडं तोंड करून ठेवला. देवाशपथ सांगतो, मी हसलो नाही.

"सुनील, मला तिच्यासंगं बोलायचंय," ती म्हणाली. "आत्ता. आनि आत्ताच बोलता येत न्हाय. काय दळभद्री बाई मी! दीड महिना मोकळा हुता."

"नियमाला मार गोळी आक्का. कचेरीला फोन लावतो."

"खुळा हाईस काय? पोरीनं आठ महिने हाडाची काडं केली, आनि मी तिला बाद करू? ती चौतीस पानं आण हिकडं."

पानं आणली. पंधराव्या पानावर तिनं बोट ठेवलं. बाहेरची मदत चालत नाही, ह्याला अपवाद दिले होते. आजारी माणसाला मदत चालते. आणि सगळ्या बोटींना सारखीच मिळणारी माहिती चालते.

"म्हंजे सगळ्यास्नी सांगितलं तर तिलाबी सांगता येतंय."

"येतंय, पण..."

"लिव."

"श्रुतीचं नाव घालू?"

"अजाबात न्हाय. नाव घाटलं की तिला एकटीलाच मदत झाली. सगळ्या बोटींस म्हणून लिव."

मी लिहिलं. आधी मराठीत, तिच्या शब्दांत, मग इंग्रजीत. ती सूचना अशी होती:

"सर्व अकरा बोटींस. निपाणीहून त्रिशलाबाई. कलम एक, सूर्य बुडायच्या आत जेवून घ्यावे, उपाशी राहू नये. कलम दोन, घरी भांडून निघालेल्यांच्या आया रागात काही बोलल्या असतील, ते बोलणे मागे घेतले आहे असे समजावे. कलम तीन, शर्यत झाली की सर्वांनी आमच्या घरी जेवायला यावे. कांदा-लसूण मिळणार नाही."

दुसरं कलम तिनं तीनदा बदलून सांगितलं. मी मान वर केली नाही. टाइप करत राहिलो. पाठवताना मनात म्हटलं, आता शर्यतवाले आपल्याला वेड्यात काढणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. त्या कचेरीतला साहेब कुणीतरी भला माणूस असणार. सूचना सर्वांना समान उपलब्ध असल्याने नियमात बसते, असं त्यानं लिहिलं होतं. फलकावर लावलीय आणि सकाळच्या हजेरीला सगळ्या बोटींना वाचून दाखवलीय. दहा बोटींनी जेवायला येतो म्हणून कळवलंय. त्यातल्या एकीनं तिखट किती असतं ते विचारलंय.

"आनि सात नंबर?"

"सात नंबरनं 'सूचना मिळाली' असं कळवलंय."

"फुडं?"

"फुडं काय न्हाय आक्का."

तिनं तो कागद मागून घेतला, घडी घातली आणि कमरेला खोचला. मग म्हणाली, "दहा बोटी म्हंजे पन्नासभर मानसं. हरभऱ्याची डाळ सांगायला पायजे." अण्णांनी मात्र डाळ अकरा बोटींची आणली.

वारा आला, ठिपके हलले. सात नंबर नववी आली. मी म्हणालो, "नववा नंबर, आक्का." ती म्हणाली, "माघारी आली न्हवं? बास."

आणि चार दिवसांनी दुपारी दोन मिनीबस खरंच आमच्या गल्लीत शिरल्या हो! उन्हानं रापलेली, केस विस्कटलेली पोरं-पोरी, चार साठीचे गृहस्थ, दोन गोरे. सगळी गल्ली बघायला बाहेर. गच्चीवर मांडव घातलेला, पुरणाचा वास पार चौकापर्यंत. आक्का दारात उभी राहून एकेकाला "या, या," म्हणत होती आणि नजर बसच्या दारावर. पहिली बस रिकामी झाली. दुसरीही होत आली. अण्णा माझ्या शेजारी उभे होते, त्यांनी माझं मनगट असं धरलं की हात बधिर झाला.

श्रुती सगळ्यात शेवटी उतरली. काळी ठिक्कर पडलेली, हाताला पट्ट्या. आईसमोर आली आणि म्हणाली, "बोलावणं सगळ्या बोटींना होतं, म्हणून आले."

"व्हय, सगळ्यास्नीच हुतं," आक्का म्हणाली. "वर जा, पंगत बसलीया."

एवढंच. मला वाटलं, संपलं, दोघी सारख्याच आडमुठ्या, आता काही खरं नाही.

गच्चीवर आक्का स्वतः वाढायला लागली. कुणाला हात लावू दिला नाही. प्रत्येकाला दोन पोळ्या, वर तुपाची धार, आणि "सावकाश जेवा." गोऱ्यांनाही तेच. एकही पोळी इकडची तिकडं नाही. श्रुतीच्या पानाशी आली. दोन पोळ्या वाढल्या. तिसरी वाढली. चौथी, पाचवी. हात थांबेना. शेजारची पोरं बघायला लागली.

"आई, बास की. लई झालं."

"गप जेव," आक्का म्हणाली आणि सहावी वाढली. तिच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी वाहत होतं, ते पुसायला हात रिकामा नव्हता. "आठ महिन्यांचं हाय."