सुभानजींचा शब्द

एका जंगलात सुभानजी नावाचं एक अस्वल राहत होतं. वयानं मोठं होतं, म्हणून मुलांनो, आपण त्यांना अहोजाहो करू.

सुभानजींना पोटभर मध मिळत होता. पण आपल्यामागे आपलं नाव कोण काढणार, या काळजीनं तो गोड लागत नसे.

इंग्रजीच्या मास्तरांच्या पिंजऱ्यातून सुटलेला एक पोपट तिथे राहायला आला होता. तो म्हणाला, "आजोबा, इंग्रजीत माणसं जातात आणि नावांचे शब्द होतात. मॅव्हरिक नावाच्या गृहस्थानं आपल्या वासरांना मालकीच्या खुणेचे डाग दिले नाहीत. तेव्हापासून कळपात न रमणारा तो मॅव्हरिक. बॉयकॉटसाहेबाला कुळांनी वाळीत टाकलं. झालं, वाळीत टाकणं म्हणजेच बॉयकॉट."

"मग आमचाही शब्द झाला पाहिजे," सुभानजी म्हणाले. "सुभानणे. म्हणजे पराक्रम करणे."

"आजोबा, अर्थ आपण ठरवायचा नसतो."

सुभानजी कसले ऐकतात! ऐन दुपारी ते पाणवठ्याच्या अरुंद वाटेत उभे राहिले आणि येईल त्याला नवा शब्द समजावू लागले. सोदाहरण. उदाहरणं अर्थातच स्वतःची. पाण्याच्या वाटेवर कुणी कुणाच्या अंगावर जायचं नाही, असा त्या जंगलाचा रिवाज. त्यामुळे वाघसुद्धा हरणामागे जीभ बाहेर काढून मुकाट उभा राहिला.

"भावोजी, पिलं तहानलीत," सांबरीण म्हणाली.

"दोनच पराक्रम राहिलेत, वहिनी."

दुसऱ्या दिवशी वानर फळं समोर ठेवून जुन्या आठवणी सांगू लागला. वानरीण म्हणाली, "अहो, सुभानू नका. आधी खाऊन घ्या."

सगळं झाड हसलं. बघता बघता वाघीणही वाघाला तसंच म्हणू लागली.

एकदा सुभानजींच्या कानांवर सशाच्या पिल्लाचा आवाज आला. "आई, सुभानू नको ना, भूक लागलीय."

सुभानजींना फार वाईट वाटलं. त्या दिवशी त्यांनी मधाला तोंड लावलं नाही.

पोपट समजूत घालायला आला. "बॉयकॉटसाहेबाला तरी कुठे आवडलं असेल?"

"पण त्याचं नाव राहिलं?"

"राहिलं की."

"अजून घेतात?"

"रोज."

सुभानजींचा चेहरा खुलला. ते तडक उठले, पाणवठ्याच्या वाटेत जाऊन उभे राहिले आणि हा शब्द कसा जन्माला आला, ते पहिल्यापासून सांगू लागले.

तात्पर्य : मुलांनो, नाव मागे राहावं म्हणून सत्कर्मं करत बसू नका. लोकांना एकदा मनापासून छळा. पुढचं भाषा बघून घेते.